द्राक्षासवाची आणेवारी

॥ श्री ॥
मु. मेडशी
माघ वद्य पंचमी, सन १९५८

राजमान्य राजेश्री जगदेवभाऊजी यांना मनकर्णेचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे ते कळवावे. ललिताबाईंच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधत असाल तर गरम करून बांधा, थंड बांधून नुसता पाल्याचा नास होतो. पोरांना आशीर्वाद. गाय व्याली असेल तर काय झालं तेही लिहा. माझी तब्येत चांगली आहे. (हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.) वर राजमान्य लिहिलं आहे ते मनापासून, आणि खाली जे लिहिणार आहे तेही मनापासून, तेव्हा दोन्ही एकाच कागदावर कसं याचं नवल करू नका. बोलताना मी 'मले' आणि 'तुमाले' म्हणते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण कागदावर 'मला' लिहिलं की डोक्यावरचा पदर सारखा केल्यासारखं वाटतं, म्हणून तसं लिहिते. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले, तेवढी हौस तर फिटू द्या.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लावण्यातच गेलं (पटवाऱ्याचं लिहिणं पटवाऱ्यालाच कळावं अशी सोय असेल), दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा हसू आलं. तुम्ही लिहिता की शिरपूरला मोटारीतून जो उतरतो तो तुम्हाला गाठून सांगतो, तुमच्या विधवा वहिनीने पिणं सुरू केलं आहे. तिच्या कोनाड्यात बाटल्यांची रांग आहे. तिच्या कापसाला वास येतो. तिच्या घरचं खाऊन बैल माळेगावच्या बाजारात आडवे झाले. गाडीवान गाणी म्हणत होता. दारूबंदीचा जमादार तिच्या ओसरीवर बसून गेला. म्हणून मी घराला कुलूप लावावं, किल्ली कमरेला खोवावी आणि कायमचं शिरपूरला तुमच्याकडे राहायला यावं, चैत्रात तुम्ही बैलांची दमणी जुंपून पाठवता. भाऊजी, यातली एकूण एक गोष्ट खरी आहे. फक्त त्या एकमेकींना जशा बांधल्या आहेत तशा नाहीत. आणि मला हे घर सोडायचं नाही. ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमच्या दादांना जाऊन या पौषात दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझी भूक गेली होती. लोक म्हणायचे दुःखाने गेली. असेलही. पण मला वाटतं की तीस वर्षं जेवण झाल्यावर समोरचा माणूस काहीतरी बोलायचा, ते बोलणं थांबलं, म्हणून माझं जेवण संपलं की नाही तेच मला समजेना. तुम्हाला आठवतं ना, दादा दर साली माघात द्राक्षासव घालायचे, मडकं ज्वारीच्या ढिगात महिनाभर पुरून ठेवायचे, आणि मग वर्षभर रोज जेवणानंतर आम्ही एकेक चमचा घ्यायचो. चमचा तोंडात फिरवून ते आणे सांगायचे. आज बारा आणे. आज साडेबारा. मडकं तेच, बाटली तीच, तरी रोजचा भाव वेगळा. सोळा आणे त्यांनी कधीच दिले नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "सोया देल्ले तं उद्याच्या चमच्याले काय देऊ?" (सरकारने गेल्या साली रुपयाचे शंभर पैसे केले. करोत बापडे. पण शंभरांत औषध तोलता येत नाही. जिभेला सोळाच पुरतात.)

तर भूक नाही म्हणून माळेगावच्या वैद्यबुवांकडे गेले. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव. घरचं संपलेलं. शेवटची बाटली गेल्या आषाढात रुपाबाईच्या लेकीच्या बाळंतपणाला गेली होती (रुपाबाई म्हणजे तांड्यावरची, आपल्या शेतात निंदायला येते ती; माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझ्याहून दहा पट ठणठणीत). म्हणून विकतचं आणायचं ठरवलं, तेही स्वस्तातलं, कारण रोज घ्यायची वस्तू रोजच्याच भावाची असावी.

पहिली बाटली शेलूबाजारला घेतली, छत्रीखाली पेटी मांडून बसलेल्या माणसाकडून. चिठ्ठीवर हत्ती, हत्तीवर बाई, बाईच्या हातात द्राक्षांचा घोस. वाचायला दोन बोटं मजकूर होता, तो उभ्या उभ्या वाचून काढला: अशक्तपणा, खोकला, कावीळ, वांझपणा, विसराळूपणा, आणि बैलांच्या खांद्यालाही लावावे. तिथेच शंका यायला हवी होती. घरी आणून चमचाभर घेतलं, एक चमचा रुपाबाईला दिलं. तिने गिळलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, हे तं गुयाच्या भेलीले आंघोय घातलेलं पानी हाये. आंघोय बी रॉकेलच्या डब्यातली." मी म्हटलं दोन आणे. ती म्हणाली हत्तीचा एक आणा, औषधाचा कायचा? शेवटी दोनच ठेवले, कारण बाटली चांगली होती, तिच्यात आता तेल ठेवते.

दुसरी तुमच्या शिरपूरची. दिवाळीला मी फराळ घेऊन आले होते तेव्हा मोटारस्टँडसमोरच्या दुकानातून घेतली आणि पिशवीत लुगड्याखाली ठेवून आणली. तुमच्याकडे दोन दिवस होते, तेवढे दिवस ती तुमच्याच घरात होती आणि कोणाला वास आला नाही, यावरून तिच्यात काय होतं ते समजा. रुपाबाईने उजेडात धरून बघितली. "याच्यात दाख कोठी हाये? दाखाची सावली पडली अशीन." चार आणे. तिसरी खुद्द वैद्यबुवांची. ती इतकी कडू की दुसऱ्या चमच्याची वेळ आली की मला भूक लागल्यासारखं वाटायचं, म्हणजे गुण आला म्हणायचा. पण चव म्हणून पाच आणे, आणि तेही वैद्यबुवा समोर भेटतात म्हणून. चौथी अकोल्याहून मोटारीच्या कंडक्टरला सांगून मागवली. ती बरी निघाली. वेलदोडा होता, दालचिनी होती, घशातून उतरताना ऊब होती. मी नऊ म्हटलं, रुपाबाई म्हणाली दहा, दहा लिहिले. हो, लिहिले. दादांच्या जुन्या पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर सगळं लिहून ठेवलं आहे. (शेजारच्या सोजरबाईलाही चाखवलं. तिच्या गळ्यात माळ आहे, म्हणून ती आधी नको म्हणाली, मग औषध म्हणून घेते म्हणाली, मग कोणत्या बाटलीतलं आधी घेतलं ते विसरले म्हणून चारही पुन्हा घेते म्हणाली. कोनाड्यातल्या बाटल्यांची बातमी शिरपूरला कोणी पोचवली ते मी विचारत नाही.)

तर ही रांग. चार बाटल्या, चौघींवर चिठ्ठ्या, चौघींचं बूच लागलेलं. सगळ्यात चांगली दहा आण्यांची. आणि इथे माझं मन अडलं. मला दहा आण्यांत समाधान मानता आलं असतं, पण जिभेला बारा माहीत होते.

म्हणून घालायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल तुम्हाला कुठे येतं. खरं आहे. तुमच्या दादांनी ते तुमच्या वडिलांकडून घेतलं, तुम्हाला शिकवायला बसले तेव्हा तुम्ही पटवाऱ्याच्या परीक्षेला गेलात, आणि मला कोणी शिकवायला बसलंच नाही. माझ्याकडे तीस वर्षं गाळणीचं फडकं धरायचं काम होतं. पण फडकं धरणाऱ्या माणसाचे डोळे मोकळे असतात. मनुका किती, गूळ किती, काढा कुठवर आटवायचा, मडक्याला आतून तूप कधी लावायचं, सगळं बघितलेलं होतं. धायटीची फुलं रुपाबाईने रानातून आणली, ती घातल्याशिवाय आसव फसफसून उठत नाही. मनुका इथल्या वाण्याकडच्या, त्यांत खडे इतके की आधी सुपात पाखडल्या. पौष वद्य सुरू झाल्यावर मडकं भरलं, तोंडाला फडकं बांधून वरून चिखल लिंपला, सुकू दिला, नमस्कार केला.

आता पुरायचं कशात? ज्वारीच्या ढिगात. आणि ज्वारी कुठे आहे? या साली इकडच्या तुमच्या पटवारीभाईंनी सडकेवर सायकल टेकवून, बांधावरूनच बघून आमच्या ज्वारीच्या पिकाची आणेवारी अकरा आणे लिहिली. शेतात कोणी उतरलं असतं तर दिसलं असतं की सडकेकडच्या चार ओळी तेवढ्या भरल्या होत्या, आत पाचही आणे नव्हते. माझ्या घरात आली तेवढ्या ज्वारीत मडकं सोडा, तांब्याही बुडाला नसता. आणि मधल्या खोलीत कापूस छताला टेकलेला. मी हात घालून बघितला, आत कशी छान ऊब. म्हटलं ज्वारीची ऊब ती ऊब, मग कापसाची काय थंडी आहे? मध्यावर खड्डा करून मडकं ठेवलं आणि वरून कापूस ओढला. ही माझी चूक. कबूल. ज्वारी मडक्याला चारी बाजूंनी धरून ठेवते, आणि तिची ऊब बेताची असते. कापूस धरत नाही, आणि त्याची ऊब म्हणजे बाळंतिणीची खोली. मडकं आत लवकर उठलं आणि चिखलाखाली कोंडलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी लखीराम गाडीवान बैलगाडी घेऊन आला, कापूस सरकी काढायला वाशीमच्या जिनात न्यायला. तो येणार हे मला ठाऊक होतं, मडकं आत आहे हेही ठाऊक होतं, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात आल्या नाहीत. मी जात्यावर बसलेली. तो ढिगावर चढला, वरून कापूस ओढायला लागला, आणि त्याचा पाय नेमका मडक्याच्या तोंडावर पडला. चिखलाला तडा गेला आणि आतून फुस्स झालं. मोठ्ठं, लांबलचक. लखीराम जो ओरडला, "मनकर्णामाय, कापसात नाग हाये वं!" आणि हातातली बैल हाकायची तुतारी उलटी करून त्याने त्या नागाला तीन दणके घातले. पहिल्या दणक्याला मडकं फुटलं. पुढचे दोन भीतीचे. मी धावत जाते तर हा गुडघ्यापर्यंत जांभळा-तांबडा होऊन ढिगावर उभा, डोळे मिटून, "मले डसला, माय, रगत पाहा किती निंगून राह्यलं." मी म्हटलं, "बोट लाव आन् चाखून पाहा." त्याने चाखलं. पुन्हा बोट लावून चाखलं. मग म्हणाला, "माहं रगत इतकं गोड हाये?"

त्याचा थरकाप जाईना म्हणून मी त्याला चार चमचे दिले. वैद्यबुवांनी दोन सांगितले आहेत, पण ते न घाबरलेल्या माणसाला. भिजलेला कापूस अंगणात टाकला, कोरडा गाडीत भरला. आणि भरेपर्यंत बैलांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी अंगणातला तो गोड कापूस दोन धडी तरी चघळला असेल. मेडशीपासून माळेगावपर्यंत चांगले चालले, उलट जास्तच चांगले चालले, आणि माळेगावला भर बाजारात, भाजीवाल्यांच्या मधोमध, दोघे एकदमच खाली बसले. मारून उठेनात, गोंजारून उठेनात. लखीराम मग त्यांच्याजवळ बसून लहानपणीची गाणी म्हणू लागला, कारण त्यांना आवडतात म्हणे. पाय जांभळे, कपडे जांभळे, आणि जो विचारेल त्याला एकच उत्तर: "मनकर्णामायच्या घरून आलो." पुढे मागे काही नाही. एवढं एकच वाक्य तुमच्या शिरपूरच्या मोटारीत चढलं, भाऊजी. तासाभराने बैल उठले आणि वाशीमला गेले. कापूस व्यवस्थित उतरला.

तिसऱ्या दिवशी मदनसिंग जमादार. माणूस वाईट नाही, खोकला वाईट. ओसरीवर बसला, डायरी काढली, म्हणाला तक्रार आहे. मी चार बाटल्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि चिठ्ठ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवल्या, बैलांच्या खांद्यासकट. मग मडक्याचं सांगितलं. मडक्याचा बुडाचा भाग उभाच राहिला होता, त्यातलं दीड बाटली गाळून ठेवलेलं होतं, दादांच्या वेळच्या त्याच गाळणीच्या फडक्यातून. तो म्हणाला ते मला तपासावं लागेल. तपासलं. म्हणाला अंदाज येत नाही. पुन्हा तपासलं. तिसऱ्या वेळी डोळे मिटून तपासलं आणि डायरी मिटली. "औषधच हाये, बाई. पन औषध असं असते हे मले आजलोक कोनी सांगतलं नोयतं." आणे विचारले तर तेरा म्हणाला. जाताना खोकला नाही. रुपाबाई चौदा म्हणते, पण फुलं तिची आहेत, तेव्हा एक आणा घरचा धरा.

मी स्वतः चाखलं ते जमादार गेल्यावर, जेवण करून. चमचा तोंडात फिरवला, आणि मग बराच वेळ तो रिकामा चमचा हातात धरून बसले. आणे द्यायचे राहूनच गेले. वैद्यबुवांनी दोन चमचे सांगितले आहेत ते मी नेमाने घेते; वर तब्येत चांगली लिहिली ती त्यानेच. पण एकदम घेत नाही. एक घेते, भांडी घासते, आणि मग दुसरा घेते. तो दादांचा असतो. याला जर गावात पिणं म्हणत असतील तर म्हणू द्या. त्या दोन चमच्यांच्या मधल्या वेळात मी या घरात असते, आणि तेवढ्यासाठी मला हे घर पाहिजे. शिरपूरला तुम्ही मला मायेने ठेवाल, पण तिथे भांडी ललिताबाई घासू देणार नाहीत.

म्हणून एक बोली करते. या मोटारीच्या कंडक्टरबरोबर अर्धी बाटली पाठवते आहे. तुम्ही तिची आणेवारी करा. माझ्याशिवाय दादांच्या हातची चव जिभेवर असलेला माणूस आता तुम्ही एकच उरलात. पण बांधावरून नको. उतरून करा, जेवण झाल्यावर, चमचा तोंडात फिरवून. सहा आण्यांच्या आत आली तर पीक बुडालं असं सरकार मानतं. मीही मानेन, कुलूप लावेन आणि तुमच्या दमणीत बसेन. सहाच्या वर आली तर दमणीचं नाव काढायचं नाही. सोळा मात्र देऊ नका, मग मी समजेन की तुम्ही माझी समजूत काढता आहात.

बाकी सगळं ठीक. ललिताबाईंना नमस्कार. पाला गरम करून.

तुमची वहिनी,
मनकर्णा

ता. क. — सहाच्या वर येईलच, तेव्हा उत्तराबरोबर चार शेर मनुका पाठवा. काळ्या, बियांच्या, तुमच्या मोटारस्टँडसमोरच्याच दुकानातल्या. त्याला आसव जमत नाही, पण मनुका चांगल्या ठेवतो.

ता. क. — दुसरं मडकं मी परवाच घातलं, सोजरबाईच्या ज्वारीत. ते चैत्र पाडव्याला उघडेल, त्यामुळे चैत्रात मला निघता येणारच नव्हतं. मनुका पुढच्यासाठी आहेत. तुम्ही सगळे पाडव्याला इकडेच या.

ता. क. — बाटली अर्धी आहे याचा दोष कंडक्टरला देऊ नका. पत्र सुरू केलं तेव्हा पाऊण होती. पत्र लांबलं.

ता. क. — मी लग्न होऊन आले त्या साली तुम्ही बारा वर्षांचे होता. ज्वारीच्या ढिगातल्या मडक्याचा चिखल एका बाजूने उकरून, पपईच्या पानाचा पोकळ देठ आत घालून तुम्ही चार दिवस आसव ओढत होता. मी दाराआडून बघितलं, आणि नव्या नवरीने बोलायचं नाही म्हणून मडक्यात गुपचूप पाणी घालून ठेवलं. त्या साली दादांनी आठ आणेच दिले आणि वाण्याच्या मनुकांना शिव्या घातल्या. मला वाटलं त्यांना कळलं नाही. पण पुढच्या माघात ढिगापाशी नीट कापलेला, धुतलेला पपईचा देठ ठेवलेला होता. तुम्ही बिचकलात आणि त्या वर्षी हात लावला नाहीत. तो त्यांनीच ठेवला होता, भाऊजी. हे मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाही आजच सांगते आहे.

चमचा तुमच्याकडे असेलच. तरी बाटलीच्या गळ्याला एक देठ बांधून दिला आहे.